रणगाड्याच्या सोबतीला कोण?

१९४८ च्या एप्रिल महिन्यात, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या भारतीय तुकडीजवळ स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे होते, पण त्यांना जायला रस्ता नव्हता. होता तो रस्ता शत्रूने पाईनची झाडे आडवी पाडून अडवला होता, मोऱ्या उडवून तोडला होता आणि उरल्या जागी सुरुंग पेरून ठेवले होते. तो मोकळा करण्याचे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतील सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्याकडे आले. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे आणि बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आपल्या खडकीच्या छावणीतले (फौजेतल्या इंजिनिअरांना सॅपर म्हणतात). ८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या पथकातले दोघे ठार झाले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही पुढचे तीन दिवस ते रस्त्यावरून हलले नाहीत. एका ठिकाणी वरून गोळीबार चालू असताना सुरुंगांमधून रणगाडे काढायचे होते. तेव्हा राणे सर्वांत पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर रांगत पुढे सरकले, असे त्या मोहिमेच्या वर्णनांत सांगितले जाते. त्यांच्या हातात दोन दोर होते. एक ओढला की चालकाने थांबायचे, दुसरा ओढला की निघायचे. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले, आणि ते घ्यायला ते हयात होते, हे त्या सन्मानाच्या बाबतीत फार थोड्यांच्या वाट्याला आलेले आहे.

रणगाड्यांचा इतिहास आपण बहुधा पोलादाचा इतिहास म्हणून वाचतो. चिलखत किती जाड, तोफ किती मिलिमीटरची, इंजिन किती अश्वशक्तीचे आणि अमक्या लढाईत कोणाचे किती रणगाडे जळाले, असा तो इतिहास असतो. या आकड्यांचा नाद मला शाळेपासून आहे आणि तो अजून सुटलेला नाही. मात्र लढायांच्या हकिकती सविस्तर वाचू लागल्यावर एक गोष्ट ठळक होत गेली, ती अशी की युद्धसिद्धान्त, ज्याला फौजेत डॉक्ट्रिन म्हणतात, तो यंत्राबद्दल फार थोडे बोलतो. या यंत्राबरोबर कोणी जायचे, त्याच्या पुढे कोणी जायचे, मागून इंधन आणि दारूगोळा कोणी आणायचा, आणि या सगळ्यांनी कोणाच्या हुकमाखाली हलायचे, एवढ्याच प्रश्नांभोवती तो फिरतो. भारतीय चिलखती दलाच्या स्वातंत्र्योत्तर वाटचालीकडे मी याच बाजूने पाहतो, आणि असे पाहिले की काही गाजलेले विजय थोडे वेगळे दिसू लागतात.

प्रश्न रणगाड्याइतकाच जुना आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे उतरवले, तेव्हा ते माणसाच्या चालीने सरकत होते आणि त्यांतले बरेचसे वाटेतच बंद पडले. पुढच्या वर्षी २० नोव्हेंबरला काँब्रे येथे चारशेच्या वर रणगाडे एकदम सोडले गेले, खंदकांची फळी एका दिवसात फुटली आणि इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा वाजल्या. दहा दिवसांनी जर्मनांनी उलट हल्ला चढवला आणि गमावलेल्यातले बरेच परत घेतले. भिंतीला भगदाड पाडणे जमले होते, त्यातून आत जाऊन पाय रोवणे जमले नव्हते. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्स कोसळला, तेव्हा फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते. काही तर जर्मन रणगाड्यांपेक्षा जाड चिलखताचे होते. फरक जोडणीचा होता. जर्मनांच्या पँझर डिव्हिजनमध्ये रणगाड्यांबरोबर स्वतःचे पायदळ, तोफखाना आणि इंजिनिअर होते, आणि रणगाड्यांत रेडिओ होते. त्या मोहिमेची आठवण रणगाड्यांच्या धडाक्यासाठी ठेवली जाते; परंतु १३ मे रोजी सेदान येथे म्यूज नदी प्रथम ओलांडली ती रबरी होड्यांतून गेलेल्या पायदळाने आणि सॅपर्सनी, वरून विमानांचा मारा चालू असताना. रणगाडे पूल बांधून झाल्यावर पलीकडे गेले.

मराठी वाचकाला ही जोडणीची अडचण परकी वाटू नये. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे कवायती पायदळ आणि तोफा एका चालीने लढत होत्या, आणि घोडदळाला दुसऱ्या चालीची सवय होती. गोलाची, म्हणजे साऱ्या फौजेने एकमेकांना धरून चालण्याच्या रचनेची, शिस्त मोडून विंचूरकर आणि गायकवाड यांचे स्वार रोहिल्यांवर तुटून पडले आणि बंदुकांच्या माऱ्यापुढे मागे हटले, ही हकीकत आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. शौर्य कोणाचेच उणे नव्हते. दोन शस्त्रांना एकत्र लढण्याची घडी बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या फौजेला मिळाला नव्हता.

भारतीय घोडदळाचे यांत्रिकीकरण १९३८ मध्ये सुरू झाले. सिंद हॉर्ससारख्या रेजिमेंटांनी घोडे सोडून चिलखती गाड्या घेतल्या आणि १ मे हा दिवस आजही चिलखती दलाचा दिवस म्हणून पाळला जातो. या रेजिमेंटांची नावे मात्र घोड्यांचीच राहिली. पूना हॉर्सचा जन्म तर थेट आपल्या इतिहासात आहे. १८१७ च्या जून महिन्यात दुसऱ्या बाजीरावाला कंपनीशी जो तह करावा लागला, त्यातून हे घोडदळ उभे राहिले. दीडशे वर्षांनी त्याच रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांनी सियालकोट आघाडीवर लढून फौजेतल्या सर्वोच्च शौर्याचे दोन सन्मान मिळवले. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला स्थिरावले (कागदोपत्री अहिल्यानगर झाले तरी एसटीच्या रांगेत अजून नगरच म्हणतात), आणि तेथील रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईसच्या चिलखती गाडीपासून पॅटनपर्यंत सगळा गोतावळा उघड्यावर मांडलेला आहे.

राजौरीनंतर काही महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, जोजी ला खिंडीत रणगाडे पोहोचले. साडेअकरा हजार फुटांच्या आसपासची ती खिंड शत्रूने रोखून धरली होती आणि पायदळाचे हल्ले तिथे फसले होते. सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, उतरवून, ताडपत्रीखाली झाकून, कच्च्या पुलांवरून श्रीनगरमार्गे बालतालला आणले गेले. बालतालपासून वर होती ती खेचरांची वाट. मद्रास सॅपर्सनी ती थंडीत, शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात, रणगाडा चढेल इतकी रुंद केली. हल्ल्याच्या दिवशी मेजर जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात बसले होते आणि रेजिमेंटचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्याकडे होते, ज्यांना सारी फौज 'स्पॅरो' म्हणत असे. शत्रूने त्या उंचीवर रणगाड्याची कल्पनाच केलेली नव्हती. या लढाईचे वर्णन करताना रणगाडे डोंगर चढले असे म्हटले जाते. ते खरे आहे, फक्त त्यांना चढण्यासाठी डोंगर आधी खोदून ठेवलेला होता.

१९६५ हे या गोष्टीतले सर्वांत बोलके वर्ष आहे, कारण एकाच महिन्यात दोन्ही फौजांनी एकच चूक वेगवेगळ्या ठिकाणी केली. पंजाबात खेमकरणच्या बाजूला पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकी पॅटन घेऊन आत शिरली. खेमकरण मागे टाकून बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसर मागून तोडायचे, असा तो बेत होता. भारताची चौथी माउंटन डिव्हिजन आदल्या दिवसांच्या चढाईत मार खाऊन मागे आली होती आणि असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात तिने मोर्चे धरले होते. त्या नालात थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन होते आणि डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन होते. डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, आपले अलिबागचे. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन पुन्हा पुन्हा पुढे आले. उसाची शेते माणसाच्या डोक्याहून उंच होती, कालवे फोडून पाणी सोडलेले होते, त्या चिखलात साखळीपट्टे रुतत होते, आणि उसात दडलेले सेंच्युरियन व शर्मन जवळून, बाजूच्या पातळ चिलखतावर नेम धरत होते. पॅटनमधले अंतर मोजण्याचे यंत्र फार गुंतागुंतीचे होते आणि ते पाकिस्तानी जवानांना नीट वापरता आले नाही, असे आपल्याकडे मोठ्या चवीने सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. परंतु दोन-तीनशे मीटरवरून उसातून अचानक गोळा येतो, तेव्हा अंतर मोजायला वेळ कोणाकडे असतो? मला महत्त्वाचे वाटते ते हे की रणगाड्यांमागून येणारे पायदळ वारंवार मागे राहिले किंवा माऱ्यामुळे वेगळे पडले. पायदळ बरोबर असते, तर उसात शिरून तोफा आणि रणगाडे हुडकून काढण्याचे काम त्याने केले असते. ते नसल्यामुळे चिलखताच्या आत बसलेल्या माणसांना झडपेच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढ्यावर लढावे लागले.

याच रणांगणावर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन उडवले आणि १० सप्टेंबरला ते तिथेच धारातीर्थी पडले. त्यांच्या शौर्याबद्दल मी वेगळे काय लिहिणार? पण त्या जीपकडे डॉक्ट्रिनच्या नजरेने पाहावे. उघडी गाडी, चिलखत शून्य, किंमत रणगाड्याच्या तुलनेत नगण्य. उसाच्या आडोशाने जवळ जायचे, एक गोळा मारायचा आणि धूर दिसायच्या आत जागा बदलायची. पुढे निरनिराळ्या रूपांत हीच जीप पुन्हा पुन्हा रणगाड्याच्या आडवी आलेली दिसते.

त्याच सप्टेंबरात सियालकोटकडे आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन पुढे सरकत होती. तिचे प्रमुख होते मेजर जनरल राजिंदर सिंग, जोजी लाचे स्पॅरो. ११ सप्टेंबरला फिल्लौरा पडले. ती रणगाड्यांनी रणगाड्यांशी दिलेली सरळ लढाई होती आणि ती आपण जिंकली. त्यानंतर चविंडा मात्र पडले नाही. मधल्या दिवसांत पाकिस्तानला सावरायला अवधी मिळाला आणि आपले रणगाडे व आपले पायदळ यांची वेळ जुळेना. १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांदी येथे पूना हॉर्सने आणि आठव्या गढवाल रायफल्सने जे सोसले, ते वाचताना आजही मन जड होते. गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड तिथे पडले आणि पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हेही पडले. मुंबईत जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या तारापोरांनी जखमी हाताने दिवसेंदिवस रेजिमेंट लढवली होती. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्यावर रणभूमीवरच अंत्यसंस्कार झाले. १८-१९ सप्टेंबरच्या रात्री पायदळाने चविंडावर शेवटचा हल्ला केला आणि तोही फसला. रणगाडे पुढे होते तेव्हा पायदळ पुरेसे नव्हते, आणि पायदळ पुढे गेले तेव्हा रणगाडे त्याच्याबरोबर नव्हते. असल उत्तरला पाकिस्तानच्या बाबतीत जे घडले त्याची सौम्य आवृत्ती चविंडाला आपल्या बाबतीत घडली, असे म्हणायला आपण कचरतो, कारण एक विजय म्हणून साजरा होतो आणि दुसऱ्याचे नाव फक्त परमवीरचक्राच्या संदर्भात निघते.

सहा वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच भागात, शकरगडच्या पट्ट्यात, आपली फौज पुन्हा गेली. पूर्वेकडे गरीबपूरला पीटी-७६ या तरंगत्या रणगाड्यांनी पायदळाच्या हातात हात घालून युद्धाची नांदी केली होती. पश्चिमेला चित्र वेगळे होते. इथे पाकिस्तानने सुरुंगांचे रुंद पट्टे पेरून ठेवले होते आणि सगळी मोहीम त्या पट्ट्यांच्या गतीने चालली. दोन आठवड्यांत आपली पहिली कोअर जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर आत गेली आणि त्याबद्दल नंतर पुष्कळ टीका झाली. टीका काही अंशी रास्तही आहे. परंतु रात्रीच्या अंधारात, थंडीत, तोफांच्या माऱ्याखाली गुडघ्यांवर बसून जमीन टोचत टोचत सुरुंग काढणाऱ्या सॅपरचा वेग ताशी किती धरायचा, याचा हिशेब टीकाकारांच्या नकाशात क्वचितच असतो. नवव्या इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी ५ डिसेंबरपासून हेच काम करत होते आणि ते करतानाच ११ डिसेंबरला पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. बसंतरच्या लढाईचे नाव घेतल्यावर किती जणांना ते आठवते?

१५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने बसंतर नदी ओलांडून पलीकडे पाय रोवले. मागे सॅपर्स सुरुंगांतून रणगाड्यांसाठी वाट काढत होते आणि ती वाट अर्धीच झाली होती. पलीकडे पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल दिसू लागली, पायदळाने मदत मागितली, आणि पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांनी उरलेल्या सुरुंगांतून तसेच पुढे जाण्याचा निर्णय घेतला. रणगाडे पोहोचले. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या चिलखती ब्रिगेडने एकामागून एक उलट हल्ले चढवले आणि ते मोडून काढताना पुण्यात जन्मलेले, एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 'फामागुस्ता' या आपल्या रणगाड्यात शेवटपर्यंत लढत राहिले. रणगाडा पेटला असूनही, तोफ अजून चालते आहे असे रेडिओवर सांगून त्यांनी तो सोडायला नकार दिला. शेजारीच जरपाल येथे थर्ड ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग पायदळाचे ठाणे धरून होते. नदीपलीकडच्या एकाच पट्ट्यात एक परमवीरचक्र रणगाड्यातल्या अधिकाऱ्याला आणि एक खंदकातल्या अधिकाऱ्याला मिळाले. १९६५ ला जी वेळ जुळली नव्हती, ती इथे जुळली. त्या भागातल्या सोळाव्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर अरुण वैद्य, सहा वर्षांपूर्वी उसाच्या शेतातून पॅटन टिपणारे. त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. बचावाच्या लढाईत शत्रूचे एकटे पडलेले रणगाडे ज्याने पाहिले, त्याच्याच हाती पुढच्या चढाईत आपले रणगाडे एकटे पडू न देण्याचे काम यावे, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

दोन वर्षांनी सिनाईच्या वाळवंटात इस्रायलने हाच धडा फार महाग किमतीला घेतला. १९६७ च्या विजयामुळे रणगाडे आणि विमाने पुरेशी आहेत अशी त्यांची खात्री झाली होती. ८ ऑक्टोबर १९७३ रोजी सुएझ कालव्याकडे पायदळाविना धावलेल्या त्यांच्या रणगाड्यांना इजिप्तच्या साध्या पायदळाने खांद्यावरच्या आणि सुटकेसमधून नेता येणाऱ्या क्षेपणास्त्रांनी अडवले. रणगाडा संपला, असे मथळे जगभर छापून आले. आठवडाभराने तेच रणगाडे, या वेळी पायदळ, तोफखाना आणि पूल बांधणारे इंजिनिअर बरोबर घेऊन, कालव्यापलीकडे होते.

आपल्याकडे या सगळ्याचा विचार १९७५ मध्ये लेफ्टनंट जनरल कृष्ण राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीत झाला आणि तिच्यात पुढे लष्करप्रमुख झालेले कृष्णस्वामी सुंदरजी होते. सुंदरजींबद्दल फौजेत दोन तट आजही आहेत. त्यांच्या कल्पनांचा आवाका काहींना भुरळ घालतो आणि काहींना त्यात भपका दिसतो. मी पहिल्या तटात आहे, थोडे हातचे राखून. महूच्या ज्या महाविद्यालयात अधिकाऱ्यांना वरच्या स्तरावरचे युद्धशास्त्र शिकवतात (मराठी माणसाला महू बाबासाहेबांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते), त्याचे ते प्रमुख होते, आणि त्या वर्गांतून अणुयुद्धाच्या छायेतली यांत्रिक फौज कशी असावी यावर त्यांनी चर्चा घडवून आणली. १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाची स्वतंत्र रेजिमेंट उभी राहिली आणि सुंदरजी तिचे पहिले कर्नल झाले. तिचेही केंद्र नगरलाच आहे. या पायदळाला मिळालेल्या बीएमपी या रशियन गाडीत जवान पाठीला पाठ लावून बसतात, मागच्या दारांतून उतरतात, आणि गाडीच्या बाजूंना असलेल्या छोट्या भोकांतून आतूनच गोळी झाडू शकतात. आत शिरून बसायचे म्हणजे गुडघे छातीशी घ्यावे लागतात आणि उंच माणसाने तर मान कायमचीच खाली घालावी. पण ती गाडी रणगाड्याच्या वेगाने धावते आणि पाण्यातून पोहते. पायदळ मागे राहण्याच्या ज्या दुखण्याने असल उत्तर आणि चविंडा घडले, त्यावर काढलेला हा इलाज होता.

१९८६ च्या फेब्रुवारीत जनरल वैद्य यांच्याकडून सुंदरजींनी लष्करप्रमुखपद स्वीकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैद्यांची पुण्यात हत्या झाली. हिवाळ्यात राजस्थानात 'ब्रासटॅक्स' हा अवाढव्य सराव सुरू झाला आणि पाकिस्तानला तो सराव आहे की खरी चढाई, हे कळेना. तीन स्ट्राइक कोअर (चढाईसाठी राखलेल्या, अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजा), प्रत्येकीत चिलखती डिव्हिजन, पाठीशी यांत्रिक पायदळ आणि स्वयंचलित तोफा, हे सगळे पाकिस्तानला मधोमध चिरत जाईल असा तो आराखडा होता. जोडणीचा प्रश्न कागदावर तरी सुटला होता. मात्र जोडणी जितकी मोठी, तितकी ती हलायला अवघड. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर 'पराक्रम' मोहिमेचा हुकूम सुटला, तेव्हा मथुरा, अंबाला आणि भोपाळ इथल्या स्ट्राइक कोअर आपापल्या छावण्यांतून सरहद्दीवर लागायला सुमारे तीन आठवडे गेले. आगगाड्या भरणे, रणगाडे उतरवणे, दारूगोळा पुढे नेणे, यातला एकही टप्पा वगळता येण्यासारखा नव्हता. तेवढ्यात जनरल मुशर्रफ यांचे १२ जानेवारीचे भाषण झाले, अमेरिकेचे दडपण आले, आणि यंत्र तयार झाले तेव्हा ते वापरण्याची राजकीय वेळ टळून गेली होती.

यातून २००४ मध्ये ज्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात तो विचार पुढे आला. मोठ्या कोअरऐवजी सरहद्दीजवळ राहणारे, ब्रिगेडपेक्षा मोठे आणि डिव्हिजनपेक्षा लहान असे युद्धगट करायचे. रणगाडे, यांत्रिक पायदळ, तोफखाना, इंजिनिअर आणि हेलिकॉप्टर आधीपासूनच एका अधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवायचे. आणि हुकूम मिळताच काही दिवसांत उथळ पण झटकन शिरायचे. गंमत अशी की २०१० मध्ये तेव्हाच्या लष्करप्रमुखांनी असे काही अस्तित्वातच नसल्याचे सांगितले आणि २०१७ मध्ये जनरल बिपिन रावत यांनी ते असल्याचे मान्य केले. पाकिस्तानने मात्र मधल्या काळात, २०११ मध्ये, साठ किलोमीटर पल्ल्याच्या 'नस्र' क्षेपणास्त्राची चाचणी घेऊन आपण हा विचार गांभीर्याने घेतल्याचे दाखवून दिले होते. रणगाड्यांचा जथा आत शिरलाच तर त्याच्यावर छोटे अण्वस्त्र टाकू, असा त्याचा अर्थ. या धमकीनंतर उथळ चढाई म्हणजे नक्की किती किलोमीटर, याचे उत्तर नकाशावर देणे कोणत्याही सेनापतीला सोपे राहिलेले नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर लडाखमध्ये चुशूलच्या दक्षिणेला कैलास रांगेवर आपले टी-७२ आणि टी-९० रणगाडे चढले, तेव्हा जोजी ला पुन्हा आठवली. १९६२ मध्येही चुशूलला ट्वेंटी लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून उतरवले होते, ही गोष्ट मधल्या काळात विस्मरणात गेली होती. चीनकडे या उंचीसाठी घडवलेला हलका रणगाडा होता आणि आपल्याकडे चाळीस टनांच्या वरचे धूड होते, जे तिथल्या विरळ हवेत धापा टाकते. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी त्यानंतर पंचवीस टनांचा 'झोरावर' झपाट्याने घडवला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्योमा येथे चार हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याची तोफ डागून पाहिली गेली. पंजाबातल्या कालव्यांचे पूल आणि लडाखमधली हवा यांनी आपल्या रणगाड्यांचे वजन जितके ठरवले आहे, तितके ते कोणत्याही समितीने ठरवले नसावे. अर्जुनसारखा भारी आणि उत्तम तोफेचा रणगाडा मुख्यतः राजस्थानात का राहिला, याचे निम्मे कारण तिथे आहे.

२०२२ पासून युक्रेनमधून येणारी चित्रे पाहून रणगाडा संपल्याचे मथळे पुन्हा छापले गेले. त्या चित्रांत टी-७२ चा बुरूज धडापासून उडून दूर पडलेला वारंवार दिसतो. टी-७२ कुठेही जवळून पाहिला तर त्याचे कारण समजते. तो जेमतेम सव्वादोन मीटर उंच आहे, पॅटन किंवा सेंच्युरियनपेक्षा हातभर बुटका. ही बचत गोळे भरणाऱ्या चौथ्या माणसाला वगळून साधलेली आहे. त्याच्या जागी बुरुजाखाली एक फिरती चकती असते, तिच्यात बावीस गोळे गोलाकार रचलेले असतात आणि यंत्र त्यांतला हवा तो उचलून तोफेत सारते. तीन माणसे अक्षरशः दारूगोळ्यावर बसलेली असतात. वरून, छताच्या पातळ चिलखतातून, स्फोट आत शिरला की सगळी चकती एकदम पेटते. वरून येणारे आता ड्रोन असते, ज्याची किंमत एखाद्या मोटरसायकलइतकीही नसते. हमीदांच्या जीपला पंख फुटले आहेत. आणि युक्रेनच्या पहिल्या महिन्यांत जळालेल्या रशियन रांगांकडे पाहिले, तर पायदळाविना, इंधनाविना, एकाच रस्त्यावर एकामागे एक लागलेले रणगाडे दिसतात. दोष रणगाड्याचा किती आणि त्याला तसे पाठवणाऱ्याचा किती, हे ठरवण्याआधी मी तरी थांबेन.

आपल्या फौजेने जो निष्कर्ष काढला, तो २६ जुलै २०२५ रोजी द्रास येथे लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांच्या भाषणात आला. पायदळ, यांत्रिक पायदळ, रणगाडे, तोफखाना, विशेष दले आणि मानवरहित विमाने एकाच ब्रिगेडमध्ये कायमची बसवणाऱ्या 'रुद्र' ब्रिगेड उभारल्या जात आहेत, आणि पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून असेल, असे त्यांनी जाहीर केले. म्हणजे जोडणी आता डिव्हिजनवरून ब्रिगेडवर उतरली. बसंतरला जी घडी एका रात्रीपुरती बसली होती, ती शांततेच्या काळातच बसवून ठेवायची, असा हा प्रयत्न दिसतो. त्याची परीक्षा सरावात किती होऊ शकेल, याविषयी मी साशंक आहे; ब्रासटॅक्सच्या सरावातही सगळे सुरळीत हलले होते.

रणगाड्याच्या आतले मात्र अजून ठरलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषदेने टी-७२ च्या जागी येणाऱ्या भावी रणगाड्याला प्राथमिक मंजुरी दिली आहे आणि त्याचा आराखडा अजून घडायचा आहे. कमांडर नकाशा, रेडिओ आणि शत्रू पाहतो, नेमबाज तोफ पाहतो, चालक जमीन पाहतो. आकाश पाहायला कोणी उरत नाही. यंत्रे ते काम करतील, ड्रोन येताच आपोआप मारा करतील, असे विक्रेते सांगतात आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. तरीही मला विचाराल, तर मी बुटकेपणाचा मोह सोडून चौथ्या माणसाला परत आत बसवेन, गोळे भरण्यासाठी नव्हे तर आपले ड्रोन उडवण्यासाठी आणि दुसऱ्याचे हुडकण्यासाठी. त्याच्या बदल्यात रणगाडा चार-पाच टनांनी जड होईल आणि पंजाबातले कोणते पूल त्याला पेलतील, याची यादी पुन्हा करावी लागेल. ती यादी करायला सॅपर्सना आत्तापासूनच बसवावे.